कोरीव टॉपची इलेक्ट्रिक गिटार हाताने बनवताना कुठलं काम आधी, कुठलं नंतर

कोरीव टॉपची, म्हणजे पुढची फळी कोरून गोलाई दिलेली, गिटार बनवायला घेणाऱ्या बऱ्याच जणांचं एकाच ठिकाणी चुकतं. लाकूड हातात आलं की लगेच कोरायला बसतात. साहजिक आहे, या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. पण एकदा टॉपला गोलाई आली की सपाट पृष्ठभाग संपला. मग नेकचा (दांड्याचा) कोन कशावरून मोजणार, पिकअपच्या (तारांचा कंप उचलणाऱ्या चुंबकाच्या) खड्ड्यासाठी राउटर (खड्डे कोरायचं मशीन) कशावर टेकवणार, आणि ब्रिजचं (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचं) भोक सरळ गेलंय की तिरकं ते कसं कळणार? म्हणून खालचा सगळा क्रम एकाच गोष्टीभोवती आहे, सपाट पृष्ठभागावर होणारं प्रत्येक काम आधी संपवायचं आणि कोरायला बऱ्याच उशिरा घ्यायचं.

उदाहरण म्हणून एकच गिटार धरतो म्हणजे आकडे गोंधळणार नाहीत: एका बाजूला कट असलेली सॉलिड बॉडी, गोंदाने बसवलेला नेक, ६२८ मिमी स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी), २२ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दोन हमबकर (दोन कॉइलचे पिकअप), ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज (दोन खुंटांवर बसणारा, उंची बदलता येणारा) आणि वेगळा टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग). मागचं लाकूड ४० मिमी, वरचा टॉप १८ मिमी.

१. आधी सामान, मग ड्रॉइंग

ब्रिज, टेलपीस, पिकअप, ट्यूनर, ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई), पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग), स्विच, जॅक हे सगळं आधी विकत घ्या आणि कॅलिपरने स्वतः मोजा. इंटरनेटवरची मापं घेऊन भोकं पाडू नका, कारण एकाच नावाखाली मिमीवाला आणि इंचवाला असे दोन्ही माल येतात, पॉटचं भोक एकाला ७-८ मिमी लागतं आणि दुसऱ्याला साडेनऊ, आणि ब्रिजच्या खुंटांच्या बुशचंही (लाकडात ठोकायच्या धातूच्या नळीचंही) तेच.

मग पूर्ण आकाराचं ड्रॉइंग. समोरून बघितल्यावरचं ड्रॉइंग सगळेच काढतात, कोरीव गिटारला जास्त गरजेचं आहे ते बाजूने बघितल्यावरचं, कारण नेक किती अंशात मागे झुकवायचा ते तिथेच ठरतं. कसं ते बघा.

बॉडीच्या सगळ्यात उंच भागाची, म्हणजे माथ्याची, एक आडवी रेघ काढा. ब्रिज त्या माथ्यावर बसणार. हातातला ब्रिज पूर्ण खाली केल्यावर सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा छोटा तुकडा) किती उंच येतं आणि पूर्ण वर केल्यावर किती ते मोजा, आणि त्या अंतरातला खालून साधारण एक तृतीयांश उंचीचा बिंदू धरा. समजा तो माथ्यापासून १५ मिमी आला. फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवायची फळी) ६ मिमी जाड, फ्रेट १.१ मिमी उंच. बाराव्या फ्रेटवर तार फ्रेटपासून १.८ मिमी वर हवी असेल तर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची तारेची रेघ ओढल्यावर ब्रिजपाशी तार फ्रेटबोर्डच्या पातळीपेक्षा साधारण ४.२ मिमी वर येते. म्हणजे फ्रेटबोर्डची वरची पातळी ब्रिजपर्यंत वाढवली तर ती माथ्यापासून १०.८ मिमी वर यायला पाहिजे, आणि बोर्डची खालची पातळी ४.८ मिमी वर.

आता नेक ३ अंश मागे झुकवला असं धरा. बोर्डच्या खालची ही पातळी ब्रिजच्या सुमारे ९२ मिमी अलीकडे माथ्याला भिडते, आणि नेक जिथे बॉडीला मिळतो, म्हणजे सोळाव्या फ्रेटपाशी, तिथे ती माथ्याच्या ८ मिमी खाली असते. म्हणजे टॉपवर नेकच्या बाजूने ३ अंशाचा एक सपाट उतार काढावा लागणार, कडेला ८ मिमी खोल आणि पुढे शून्यावर येणारा. फ्रेटबोर्डचं बॉडीवरचं टोक या उतारावर बसतं. हा उतार नसला की बोर्डच्या टोकाखाली फट दिसते, ती मग लोक पाचर घालून किंवा भुशात गोंद कालवून लपवतात आणि ती कायम दिसत राहते.

तुमचा ब्रिज वेगळा असेल तर कोन वेगळा येईल. कोणाच्या तरी गिटारचा कोन उचलून वापरू नका. सोळाव्या फ्रेटपासून ब्रिज जवळजवळ २५० मिमी लांब आहे, कोन एक अंशाने चुकला तर तिथे सव्वाचार मिमीचा फरक पडतो, आणि तेवढं अंतर भरून काढायला ब्रिजच्या स्क्रूला जागाच नसते.

तपासणी: ड्रॉइंगवर तार, फ्रेटबोर्ड, माथा, उतार, पिकअपच्या खड्ड्याचा तळ, ट्रस रॉडचा खाचा हे सगळं एकाच बाजूच्या आकृतीत आलंय का? टेनन (नेकची बॉडीत जाणारी जीभ) पिकअपच्या खड्ड्यात किती घुसतोय ते पण बघा. हे सगळं जमल्याशिवाय वखारीत जाऊ नका.

२. लाकूड

मेपल आणि आफ्रिकन महोगनीसाठी अडून बसायची गरज नाही. मागच्या भागासाठी कोकणात आणि गोव्यात लावलेली महोगनी मिळते, तूनही चांगलं, सतार-तानपुऱ्याला वापरतात तेच, हलकं आणि कोरायला गोड. शिवण हलकं असतं आणि सुकल्यावर फारसं वेडंवाकडं होत नाही, टॉपसाठी छान. सागवान मजबूत आहे, सुंदर दिसतं, पण पूर्ण बॉडी त्याची केली तर गिटार साडेचार-पाच किलोला जाऊन बसते आणि दोन तास खांद्यावर घेऊन उभं राहणं नकोसं होतं. सागवान नेकला किंवा टॉपला वापरा. फ्रेटबोर्डला शिसव.

जुनी घरं-वाडे पाडल्यावर निघणारे सागवानी वासे आणि तुळया या कामाला फार चांगल्या, कित्येक वर्षं सुकलेल्या असतात. फक्त विकत घ्यायच्या आधी जोरदार लोहचुंबक सगळीकडून फिरवा, आत मोडलेले खिळे असतात आणि एका खिळ्यात रंध्याचं पातं किंवा राउटरचा बिट जातो. पांढरट बाहेरचा भाग घेऊ नका, त्याला कीड लवकर लागते.

वखारीतला माणूस "सुकलेलं आहे" म्हणाला म्हणून लाकूड सुकलेलं होत नाही. ओलावा मोजायचं मीटर असेल तर उत्तम, नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. तुकडे हव्या त्या मापापेक्षा ४-५ मिमी जाड कापा, मध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळेल असे रचा, टोकांना मेण किंवा पातळ गोंद लावा म्हणजे टोकाकडून चिरत नाहीत, आणि दर आठवड्याला प्रत्येक तुकड्याचं वजन त्याच्यावरच पेन्सिलने लिहा. सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं.

सावधान: पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, टॉप जोडणं, फ्रेटबोर्ड चिकटवणं ही कामं करू नका, कोकण-मुंबईत तर अजिबातच नाही. ओल्या हवेत फुगलेलं लाकूड चिकटवलं की डिसेंबर-जानेवारीत आक्रसतं, टॉपच्या मधल्या सांध्याला चीर जाते आणि फ्रेटची टोकं बोर्डच्या बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्याचे महिने ड्रॉइंग, साचे आणि हत्यारांना धार यासाठी ठेवा.

नेकसाठी असा तुकडा निवडा ज्याच्या टोकाकडून बघितलं तर वर्तुळांच्या रेघा फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसतील आणि बाजूने बघितलं तर ग्रेन (लाकडाचे धागे) टोकापासून टोकापर्यंत सरळ जाईल. १०-४६ च्या (०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या) तारांचा एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो आणि तो नेकने कायम सोसायचा असतो. सुंदर नक्षीचं, वाकड्या ग्रेनचं लाकूड टॉपला वापरा, नेकला नको.

३. टॉप जोडणं आणि मधली रेघ

टॉपचे दोन तुकडे एकाच फळीतून उभे चिरून पुस्तकासारखे उघडले की दोन्ही बाजूंची नक्षी जुळते. जोडाची कड रंधताना दोन्ही तुकडे मिटलेल्या अवस्थेत एकत्र शिकंज्यात धरा आणि दोन्हींवरून एकदम रंधा मारा. रंधा थोडा कललेला असला तरी उघडल्यावर एकाची चूक दुसऱ्याने भरून निघते. मग दोन्ही कडा एकमेकांवर ठेवून खिडकीसमोर धरा, उजेडाची बारीकशीही रेघ दिसली तर परत रंधा. शिकंजा आवळून फट मिटवणं म्हणजे चीर पुढे ढकलणं.

गोंद पिवळा ॲलिफॅटिक वुड ग्लू वापरा. फर्निचरचा साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली आणि उन्हात तापलेल्या गाडीत हळूहळू सरकतो, नेकच्या सांध्याला तर तो नकोच. सागवान किंवा शिसव तेलकट असतं, चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

टॉप मागच्या लाकडाला चिकटवायच्या आधी दोन गोष्टी करायच्या ज्या नंतर करताच येत नाहीत, किंवा फार जिवावर येतात: वायरींसाठीचा खाचा, आणि वजन कमी करायचं असेल तर आतले खड्डे. चिकटवताना कडेला, बॉडीच्या आकाराबाहेरच्या जागेत दोन भोकं पाडून लाकडी पिना ठोका, नाहीतर ओल्या गोंदावर टॉप शिकंज्याखाली सरकतो. २४ तास हात लावू नका.

मधली रेघ, सगळी मापं हिच्यावरून निघतात. ती पुढे, मागे आणि दोन्ही टोकांच्या जाडीवर अशी चारही ठिकाणी काढा, आणि टोकांवर पेन्सिलने न काढता सुरीने कापून काढा. पुढची पेन्सिलची रेघ पहिल्या पाच मिनिटांत कोरून जाते, टोकांवरची राहते आणि तिच्यावरून केव्हाही परत रेघ ओढता येते.

४. नेक: चौकोनी असेपर्यंतची कामं

नेकचा ठोकळा चारही बाजूंनी काटकोनात असतानाच ट्रस रॉडचा खाचा, हेडस्टॉकचा (ट्यूनर बसतात त्या टोकाचा) कोन आणि बॉडीत जाणारा टेनन करून घ्यायचा. हेडस्टॉक १३ अंशांच्या आसपास, तिरका सांधा घालून वेगळा तुकडा जोडलात तर लाकूडही वाचतं आणि हेडस्टॉकमध्ये ग्रेन सरळ राहतो, पडल्यावर तिथे सहज मोडत नाही. खाचा रॉडच्या मापाचा, रॉड बोटाने दाबून आत जायला पाहिजे, आत खुळखुळला तर गिटार वाजवताना आवाज करणार.

फ्रेटच्या खाचांचं माप घेताना सगळी अंतरं नटपासूनच मोजा. पहिल्या फ्रेटपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं मोजत गेलात तर प्रत्येक वेळची छोटी चूक पुढे साठत जाते. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, आलेलं अंतर वजा करायचं, परत भागायचं. ६२८ मिमी स्केलला नटपासून पहिला फ्रेट ३५.२५ वर, दुसरा ६८.५२ वर, पाचवा १५७.५३ वर, सातवा २०८.८६ वर, बारावा बरोबर ३१४ वर, आणि बाविसावा ४५१.७७ वर येतो. तुमच्या हिशोबात बारावा बरोबर अर्ध्यावर आला नाही तर कुठेतरी गडबड आहे, करवतीला हात लावू नका.

खाचा साधारण ०.६ मिमी रुंद, फ्रेटच्या पायाप्रमाणे. खाचे बोर्ड सपाट असतानाच कापा, गोलाई नंतर द्या, कारण गोल बोर्डावर करवत काटकोनात धरणं अवघड. गोलाई दिल्यावर कडेचे खाचे उथळ होतात, ते परत थोडे खोल करून घ्या.

फ्रेटबोर्ड चिकटवताना रॉडवर पातळ टेपची पट्टी लावा म्हणजे गोंद आत जात नाही, आणि बोर्ड सरकू नये म्हणून फ्रेटच्या खाचांमध्ये दोन बारीक खिळे अर्धे ठोका, नंतर काढून टाका. गोंद सुकला की रॉड दोन्ही बाजूंना फिरवून बघा. अडकला असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

५. बॉडी सपाट असताना: उतार, सांधा, खड्डे

हा टप्पा नीट झाला तर पुढचं सगळं सुखाचं जातं. इथे घाई करू नका.

आधी ३ अंशांचा उतार. दोन पाचरीच्या आकाराच्या फळ्या ड्रॉइंगवरून कापा, बॉडीच्या दोन्ही बाजूंना बसवा आणि त्यांच्यावर राउटरचा पाट सरकवा. हातानेही होतं, कडेला ८ मिमीची रेघ आणि पुढे शून्याची रेघ मारून रंध्याने खाली आणायचं आणि स्टीलची पट्टी लावून बघत राहायचं. उतार आडव्या दिशेनेही सपाट पाहिजे, एका बाजूला कलला तर नेक पिळल्यासारखा बसतो.

मग त्याच उतारावर राउटर टेकवून नेकच्या टेननसाठी खड्डा, म्हणजे खड्ड्याचा तळही आपोआप त्याच कोनात येतो. खड्डा आधी अर्धा मिमी लहान ठेवा आणि धारदार पटाशीने टेननप्रमाणे भिंती तासत जा. गोंद न लावता बॉडी उचलली तर नेक आपल्याआप निसटून खाली पडू नये इतका घट्ट, पण हातोडी लागू नये इतका सैल.

तपासणी, आणि ही चुकवू नका: नेक बिनगोंदाचा बसवा. नटवर दोन्ही कडेच्या तारांच्या जागी खुणा करा, तिथून ब्रिजवरच्या दोन्ही कडेच्या सॅडलच्या जागांपर्यंत दोन दोरे ताणा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर चालले पाहिजेत. मग बोर्डवर लांब सरळ पट्टी ठेवा आणि ब्रिजच्या जागी ती माथ्यापासून किती वर आहे ते मोजा. अजून फ्रेट ठोकलेले नाहीत म्हणून १०.८ मिमी, फ्रेट असते तर जवळजवळ १२. अर्धा मिमी इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त असेल तर टेननच्या तळाला एकेक बारीक साल काढत दुरुस्त करा.

पिकअपचे खड्डे आता. एक हिशोब लक्षात ठेवा, खोली माथ्यापासून मोजताय, आणि कोरल्यावर पृष्ठभाग तिथे खाली जाणार आहे. नेककडचा पिकअप तर उतारावर बसतो. खड्ड्याच्या तळाची पातळी ड्रॉइंगमधून घ्या, पिकअपच्या उंचीवरून अंदाजाने नको.

पॉटचा खड्डा मागून. तो आत्ता फक्त ४० मिमी खोल करा, टॉपच्या गोंदाच्या रेघेपर्यंत, आणि थांबा. उरलेलं कोरून झाल्यावर. इथे फार जणांचा टॉप आरपार गेलाय, मागून आधीच पूर्ण खोल केलं आणि मग पुढून कोरत गेले.

ब्रिजच्या जागी आत्ता फक्त ३ मिमीची खुणेची भोकं. मोठी भोकं नेक चिकटवल्यावर, परत मोजून.

६. कोरणं

आता कोरायचं. हत्यारं थोडीच लागतात: २०-२५ मिमीची गोल पटाशी, छोटा रंधा, तळ गोल असलेला अगदी लहान रंधा मिळाला तर उत्तम, स्क्रेपर (लाकूड खरवडायची स्टीलची पातळ पट्टी), आणि धार लावायचा दगड, जो सतत हाताशी पाहिजे.

सुरुवातीला टॉपवर दोन जागा आखून त्यांच्यात रेघारेघा मारून टाका: फ्रेटबोर्ड बसायची उताराची जागा आणि ब्रिजखालची माथ्यावरची ९० बाय २० मिमीची पट्टी. या जागांना शेवटपर्यंत पटाशी लागणार नाही.

मग उंचीच्या रेघा. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेघा असतात तशा टॉपवर काढा, माथ्यापासून ३, ६, ९ आणि १२ मिमी खाली. कड १२ मिमी खाली. या रेघांवर दर २-३ सेंमीवर भोकं पाडत जा, ड्रिलला खोलीचा थांबा लावून, प्रत्येक भोक अंतिम खोलीपेक्षा १ मिमी कमी, म्हणजे २, ५, ८, ११. आता काम सोपं झालं: भोकाचा तळ दिसेपर्यंत पटाशी चालवायची, तळाला पोचलं की थांबायचं.

पटाशी आधी ग्रेनला आडवी चालवा. आडवी चालवली की लाकूड फाटत नाही, मोठमोठे तुकडे निघतात पण हाताबाहेर जात नाही. उभी चालवताना मात्र नीट बघा, कारण टॉप पुस्तकासारखा उघडलेला आहे, आणि त्यामुळे मधल्या रेघेच्या दोन बाजूंचा ग्रेन उलट दिशेने वर येतो. डाव्या बाजूला नेककडून खाली जाताना पटाशी लोण्यासारखी चालली तर उजव्या बाजूला तोच हात मारला की ढलपी उचकटते. प्रत्येक बाजूची दिशा कोपऱ्यात बारीक बाण काढून लिहून ठेवा. ढलपी उचकटलीच तर जोर देऊन पुढे जाऊ नका, थांबा, दिशा बदला, पटाशीला धार लावा.

कडेपासून १५-२० मिमी आत एक हलका खोलगट भाग येतो, तिथून टॉप परत किंचित वर येऊन कडेला मिळतो. गिटारला जिवंतपणा येतो तो या खोलगट भागामुळे, आणि घाईत तोच राहून जातो. त्याचा सगळ्यात खोल बिंदू माथ्यापासून १३ मिमी, म्हणजे टॉपचं ५ मिमी लाकूड उरतं. त्याखाली जाऊ नका.

भोकं पुसट झाली की पटाशी बाजूला ठेवा आणि लहान रंध्याने उंचवटे काढा. जाड पुठ्ठ्याचे तीन साचे कापा, कमरेचा, मोठ्या गोलाईचा आणि नेकजवळचा. मधली रेघ धरून साचा उलटा केला तरी दुसऱ्या बाजूला बसला पाहिजे, कटाचा भाग सोडून.

शेवटी स्क्रेपर, आणि इथे दोन संध्याकाळी गेल्या तर जाऊ देत. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च टेबलाच्या पातळीला ठेवून टॉपवर आडवा उजेड पाडा. दिवसा गुळगुळीत दिसलेल्या टॉपवर लगेच सावल्या उमटतात, प्रत्येक पटाशीचा खड्डा दिसतो. उंच भागावर पेन्सिलची आडवी बाजू घासा, स्क्रेपर मारा, परत टॉर्च. स्क्रेपरला धारेची कड बरोबर वळवली असेल तर तलम साली निघतात, पावडर निघायला लागली की धार गेली. हात फिरवूनही बघा, डोळे मिटून, तळव्याला जे कळतं ते पुष्कळदा डोळ्यांना सुटतं.

सावधान: सँडपेपरने आकार द्यायला जाऊ नका. मऊ आणि कठीण रेषा असलेल्या लाकडात कागद मऊ रेषा जास्त खातो आणि पॉलिश लागलं की टॉप लाटालाटांचा दिसतो. कागद १२० पासून, आकार पूर्ण झाल्यावर. आणि मास्क साधा कापडी नको, लाकडाच्या बारीक धुळीने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, शिसवाच्या धुळीने कित्येकांना अंगावर पुरळही येतं.

आता पॉटचा खड्डा मागून उरलेला करा. टॉपची जाडी तिथे ५ मिमी ठेवायची, पण टॉप आता उतरता आहे. म्हणून पॉटची भोकं पुढून टॉपच्या पृष्ठभागाला काटकोनात पाडा, मागच्या पृष्ठभागाला काटकोनात नाही. तसं केलं नाही तर नॉब एका बाजूने टॉपला घासतो आणि दुसऱ्या बाजूने वर राहतो. पॉट बसेल तेवढी जागा आतून त्याच कोनात सपाट करा.

७. नेकची पाठ

पहिल्या फ्रेटपाशी आणि दहाव्या फ्रेटपाशी आधी पूर्ण आकार द्या, मग दोन्ही जोडा. पहिल्या फ्रेटपाशी बोर्ड धरून २१ मिमी, दहाव्यापाशी २२-२३. ६ मिमी बोर्ड आणि १० मिमीचा रॉडचा खाचा गेला की २१ मधून ५ मिमी लाकूड खाली उरतं. ३ च्या खाली कधीच जाऊ नका.

कोपरे तिरके कापून आधी सपाट पैलू करा, मग त्या पैलूंचे आणखी पैलू, गोल शेवटी. थेट गोल करायला गेलात की नेक एका बाजूला फुगलेला राहतो. कानसीच्या प्रत्येक फेरीनंतर नेक हातात धरून बघा, तुमच्या हाताला जो बरा वाटतो तोच आकार बरोबर.

८. नेक चिकटवणं

गोंदाच्या आधी सगळे शिकंजे, पॅड, ओलं फडकं जागेवर ठेवून एकदा कोरडी रंगीत तालीम करा. मग गोंद, शिकंजे, आणि लगेच दोरे परत ताणा, पट्टी परत ठेवा. गोंद ओला असताना अर्धा मिमी सरकवता येतं, वीस मिनिटांनी नाही. एक पूर्ण दिवस.

ब्रिजची मोठी भोकं आता, नटपासून परत मोजून. पातळ ई तारेच्या बाजूचं सॅडल स्केलपेक्षा साधारण दीड-दोन मिमी मागे, जाड ई च्या बाजूचं चार-पाच मिमी मागे, म्हणून ब्रिज किंचित तिरका बसतो. भोकं पाडायच्या आधी सॅडल त्यांच्या हालचालीच्या मध्यावर आणून ठेवा म्हणजे दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. टेलपीसच्या खुंटाच्या भोकातून पॉटच्या खड्ड्यात एक बारीक भोक अर्थिंगच्या वायरसाठी, ते बुश ठोकायच्या आधी.

९. फ्रेट, पॉलिश, तारा

फ्रेट ठोकायच्या आधी बोर्ड परत एकदा सपाट करा, रॉड सैल ठेवून. फ्रेट बोर्डच्या गोलाईपेक्षा थोडे जास्त वाकवून आधी दोन्ही टोकं बसवा, मग मध्य.

पॉलिशसाठी स्पिरीटमध्ये विरघळवलेली चपडी लाख कोरीव टॉपला फार शोभते, हाताने लावता येते आणि खरवडलं तर तिथेच दुरुस्त होते. लॅकर मारणार असाल तर दमट दिवशी नको, आत ओलावा अडकून पांढुरकं पडतं. फ्रेटबोर्ड टेप लावून झाका. आणि पहिला हात लावल्यावर टॉपवर गोंदाचा डाग दिसला, पांढरट, लाख न शोषणारा, तर थांबा, स्क्रेपरने काढा, मगच दुसरा हात.

तारा लावताना एकदम पूर्ण ट्यूनिंगला नेऊ नका, एक-दोन स्वर खाली एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी ट्यून करून पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी तारेखालची फट बघा, ०.२ ते ०.२५ मिमी पाहिजे. जास्त असेल तर रॉड पाव वळसा आवळा आणि लाकडाला काही तास द्या. त्यानंतर नटचे खाचे, मग ब्रिजची उंची, शेवटी सॅडल मागे-पुढे करून बाराव्या फ्रेटचा सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) जुळवा. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. नवीन नेक पहिले काही आठवडे हलत राहतो, त्यामुळे फट महिनाभराने परत बघा, आणि पहिला पावसाळा सुरू झाला की परत एकदा.